टोक लागलं

पुणे, ११ ऑगस्ट २०२५

प्रिय कल्याण,

परवा तुला फोन केला. मी दहा मिनिटं बोललो आणि तू वीस वेळा "हां हां" म्हणालास. शेवटी मी म्हणालो, "कल्याण, माझ्या घराला आग लागलीय." त्यावरही तू म्हणालास, "हां हां, बरं झालं." तेव्हाच ठरवलं, तुझे कान ताळ्यावर येईपर्यंत पत्र लिहायचं. तसंही तरुणपणी मी पुण्याला आलो तेव्हा आपण टेबलाच्या आकृत्या काढून एकमेकांना पाठवायचोच. तुझी सगळी पत्रं आहेत माझ्याकडे. शोभा दर दिवाळीला म्हणते, रद्दीत घाला. अजून तरी घातलेली नाहीत.

कारण असं की, सुश्रुतने मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. नोव्हेंबरात नगरला पंचावन्न वर्षांवरच्या जुन्या व्यावसायिक खेळाडूंची पूलची, आपल्या टेबलावरच्या चेंडू-काठीच्या खेळाची, स्पर्धा आहे, सावेडीत. पोरगा म्हणतो, "बाबा, तुम्ही खेळा." मी हसलो. बावीस वर्षं क्यूची काठी हातात धरलेली नाही, विमा कंपनीत पॉलिस्या विकून निवृत्त झालो, आता एकसष्टीला आलो. या वयात कुठे वाकायचं! फक्त विचारतो, तू उतरणार आहेस का?

आणि एक गंमत सांगतो. गेल्या महिन्यात श्रीगोंद्याला शोभाच्या माहेरी गेलो होतो. मेहुण्याने साखर कारखान्यातल्या छगन नावाच्या मित्राशी ओळख करून दिली, "हे आमचे दाजी, पूलचे राज्य विजेते." तो गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणतो, "म्हंजी फायनलला त्या भिंगारच्या कल्याननं हात वर केल्ता, तवा समोर हुते ते तुमीच व्हय?"

समोर हुते! सव्वीस वर्षं मी तुझ्या समोरच आहे. शेवटचा गेम, दोघांचे सगळे चेंडू संपलेले, टेबलावर एकटा काळा. तो पॉकेटमध्ये घालेल तो विजेता. पाळी तुझी. तू वाकलास, क्यू दोनचारदा मागेपुढे केलास आणि उभा राहून हात वर केलास. "टोक लागलं. फाउल माझा." क्यूचं टोक मारायच्या पांढऱ्या चेंडूला नेम धरतानाच लागलेलं ना पंचाला दिसलं ना मला. नियमाप्रमाणे पांढरा माझ्या हातात आला, मी तो सोयीच्या जागी ठेवला आणि काळा घातला. शाळकरी पोरानेही घातला असता. चषक मला मिळाला, टाळ्या तुला.

असो. सविता वहिनींना नमस्कार.

तुझा
शाम

*

भिंगार, २१ ऑगस्ट

शामराव,

पत्र पोचलं. आग विझली का?

कानात मशीन घातलं की सविताचं बोलणं ऐकू येतं आणि काढलं की येत नाही. म्हणून बहुतेक वेळ काढलेलंच असतं. तुझा फोन त्या वेळेत आला असेल.

स्पर्धेचं मला माहीत आहे, क्लबच्या फळ्यावर कागद लागलाय. पण मी कशाला उतरू? एकोणीस वर्षं झाली मला शेवटची मॅच खेळून. आबा गेल्यावर छावणीच्या क्लबात बापाच्या जागी मार्कर म्हणून लागलो. साहेब लोकांचे चेंडू मांडायचे, गुण लिहायचे, टेबलाला ब्रश मारायचा, खडू ठेवायचा. आबा म्हणायचे तेच खरं, मार्करने मांडायचं असतं, मारायचं नसतं. आता छावणीतले नवे कॅप्टन येतात, पंचविशीतली पोरं. क्यू असा धरतात की काठीने म्हैस हाकताहेत. मी "व्हेरी गुड सर" म्हणतो.

मे महिन्यात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आता बरं दिसतं. बाजारातल्या कानिफनाथ चष्मेवाल्याकडून चष्मा नवा केला. दांड्या खालून आणि काचा वर अशा बसवून दिल्यात, म्हणजे खाली वाकलं तरी नजर काचेतूनच जाते. लोक हसतात. हसू देत.

तुझं काय बाबा, पुण्यात गारेगार हॉल, नवी टेबलं, पेन्शन, पोरगा जाहिराती दाखवतो. खेळायचं मनात आलं तर खेळशील. मला मनात यायच्या आधी सुट्टीचा अर्ज द्यावा लागतो.

त्या छगनचं मनावर घेऊ नको. तुझ्याकडे चषक आहे, फडक्याने पुसता येतो. माझ्याकडे गोष्ट आहे, ती पुसता येत नाही.

कल्याण

*

पुणे, ७ सप्टेंबर

कल्याण,

मार्करला वाकावं लागत नाही. चेंडू उभ्याने मांडता येतात, गुण भिंतीवर लिहितात. उलट्या काचांचा चष्मा माणूस एकाच कामासाठी करून घेतो, क्यूवर हनुवटी टेकवून लांब बघण्यासाठी. तेव्हा "मी कशाला उतरू" हे सविता वहिनींना सांग. पोटात एक आणि ओठात एक ठेवायची तुझी सवय जुनीच आहे.

आता तू पकडला गेलास तर मीही सांगून टाकतो. जाहिरात दिसली त्याच दिवशी मी फॉर्म भरला. त्याआधीही दोन महिने कोथरूडच्या एका हॉलमध्ये जात होतो. शोभाला सांगितलं होतं, पाठदुखीवर योगासनं करायला जातो. पाठ आणखी दुखायला लागल्यावर तिला संशय आला.

पहिल्या दिवसाचं सांगू? पंधरा मिनिटांत गुडघा कुरकुरला. पांढरा मारला तो टेबलावरून उडून शेजारच्या मुलाच्या कॉफीत पडता पडता राहिला. मुलाने विचारलं, "काका, पहिल्यांदाच का?" मी राज्य विजेता आहे असं सांगितलं तर तो फारच गंभीर झाला आणि मला खुर्ची आणून दिली.

पण हाताची आठवण हळूहळू परत येते रे. गेल्या आठवड्यात सलग पाच चेंडू गेले. सहावा घालताना तुझी आठवण झाली आणि हुकला. खरं सांगतो, खेळताना माझ्या समोर दुसरं कोणी नसतंच. तुझा तो वर गेलेला हात असतो. मला एकदा, फक्त एकदा, नगरमध्ये असं जिंकायचंय की लोकांनी घरी जाताना माझं नाव घ्यावं. म्हातारपणी माणसाला देवाधर्माची आस लागावी, मला ही लागलीय. हसायचं तर हस.

ते जुनं काळं जाकीट काढलं, फायनलचं. बटणं लागत नाहीत. शोभा म्हणते नवीन शिवा. मी म्हणालो, तेच घालणार, उघडं घालणार. तुला तुझं अजून होत असेल ना? होतच असणार. कधी एक छटाक वाढला नाहीस.

शाम

*

भिंगार, २९ सप्टेंबर

शाम,

पकडलास. फॉर्म मीही त्याच दिवशी भरलाय. आयोजक काकासाहेब आपल्या वेळचे पंच, मी सांगितलं म्हणून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं एवढंच. तुझ्या नावाच्या खालीच माझं नाव आहे. ड्रॉ पाहिला, आपण दोन टोकांना आहोत. म्हणजे गाठ पडलीच तर फायनलला.

जाकीट होतं. जरा ढिलंच होतं.

सकाळी क्लब उघडायच्या आधी तासभर मिळतो. आबांची सोड्याची बाटली आठवते का? आडवी ठेवायची आणि तिच्या तोंडात क्यू आतबाहेर करायचा, काचेला न लावता. आपण अठराचे होतो तेव्हा मी दोनशेपर्यंत जायचो आणि तू दीडशेला "टणक" करायचास. आता माझं अकराव्यालाच टणक होतं. सविता डबा द्यायला आली होती, बघत उभी राहिली. म्हणाली, "या वयात मान्सं नातवंडं खेळवत्यात. तुमी बाटलीत काठी घाला."

तू माझ्यावर जळतोस हे मला माहीत होतं. लिहून दिलंस ते बरं केलंस. पण माझंही ऐक. आपण दोघं एकाच टेबलावर शिकलो. तुझे वडील छावणीच्या कचेरीत हेडक्लार्क, म्हणून तू पुढच्या दाराने यायचास. मी मार्करचा पोरगा, मागच्या दाराने. त्याचं मला काही नव्हतं. पण आबा तुला काय म्हणायचे ते आठव. "शाम मारतोय. कल्यान बघत बसतोय." सगळ्यांसमोर म्हणायचे. पोटचा पोरगा मी आणि कौतुक तुझं. तेव्हापासून मी तुझ्या हाताकडे बघत आलोय, हा एवढा मोकळा कसा सुटतो म्हणून.

आबांचे नियम पण आठव. टोक लागो, बाही लागो, चेंडू केसभर हलो, हात वर करायचा. हात वर करणाऱ्याने संध्याकाळी टेबलाला ब्रश मारायचा. आणि दुसरा नियम, जो ते छडी घेऊन सांगायचे, "आपला हात आपन वर करायचा. दुसऱ्याचा धरून वर करायचा न्हाई. त्येचं त्येला दिसतंय."

आकृती पाठवतोय. काळा लांबच्या कडेला चिकटलाय, पांढरा मध्यावर. कसा घालशील?

कल्याण

*

पुणे, २७ ऑक्टोबर

कल्याण,

दिवाळी झाली. फराळाचा डबा सुश्रुतच्या मित्राबरोबर पाठवला होता, मिळाला असेल. चकल्या शोभाच्या, करंज्या विकतच्या. वहिनींना उलटं सांग.

तुझ्या आकृतीचं उत्तर: कडेला चिकटलेला काळा मी घालत नाही. तो घालायला जाणारा माणूस मूर्ख तरी असतो नाहीतर कल्याण तरी.

सराव उत्तम चाललाय, असं लिहिणार होतो. पण उजवा खांदा रात्रीचा ठणकतो आणि दोन तासांनंतर लाल आणि नारिंगी चेंडू मला सारखेच दिसतात. शोभा शेक देते आणि बोलते. बोलण्याचा शेक जास्त लागतो.

आबांनी मला शाबासकी दिली आणि तुला नाही, हे तू अजून धरून बसलायस? अरे, फायनलनंतर आबा माझ्याशी धड एक वाक्य बोलले नाहीत. त्या दिवसापासून क्लबात येईल त्या कर्नलला, ब्रिगेडियरला तेच सांगायचे, "माजा पोरगा हरला न्हाई साहेब, हात वर केला त्यानं." मी शेजारी चषक घेऊन उभा असलो तरी. मला वाटायचं, आबांनी एकदा तरी म्हणावं की शामने काळा बरा घातला. नाही म्हणाले. ते गेले तेव्हा मी खांदा द्यायला आलो होतो, तेव्हाही मनात तेच होतं. आता बोल.

म्हणून एक मागतो. ही मैत्रीची शपथ समज. फायनलला गाठ पडली तर मला हरव, चिरडून हरव, माझी ना नाही. पण खेळून हरव. पुन्हा हात वर करून माझं जिंकणं खाऊ नकोस. टोक लागलं तरी गिळ. माझ्यासाठी एवढं कर.

शाम

*

भिंगार, १९ नोव्हेंबर, बुधवार

शाम,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज उत्तर लिहायला बसतो आणि उठतो. रविवारी स्पर्धा आहे. आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही. शुक्रवारपर्यंत तुला मिळेल.

टोक लागलंच नव्हतं.

पुन्हा लिहितो, म्हणजे तुला वाटायला नको की माझ्या हातून चुकून लिहिलं गेलं. त्या फायनलला माझ्या क्यूचं टोक पांढऱ्याला लागलं नव्हतं.

मी वाकलो तेव्हा काळा समोर होता. सरळ होता, फक्त लांब. तसे शंभर घातले होते. आणि दाराशी आबा उभे होते, मार्करच्या पांढऱ्या ड्रेसमध्ये, क्लबातून तसेच आलेले. माझा हात गार पडला. बोटं माझी वाटेनात. क्यू पुढे गेला की चुकणार हे मला समजलं. आबा म्हणणार, "बघितलं? ह्यो बघत बसला." मी उभा राहिलो आणि माझा हात आपोआप वर गेला. तोंडातून निघालं, टोक लागलं. काळ्याला घाबरून मी पळालो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आबांनी त्या रात्री मला जवळ घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. मग कसं सांगणार? ते सात वर्षं प्रत्येक साहेबाला तीच गोष्ट सांगत राहिले आणि मी शेजारी चेंडू पुसत उभा. पुढच्या प्रत्येक स्पर्धेत काळा आला की हात गार. म्हणून खेळ सोडला. आबा गेले, डोळे गेले, ही सगळी सांगायची कारणं.

तू लिहितोस, माझा वर गेलेला हात तुझ्या डोळ्यांपुढे येतो. आणि माझ्या डोळ्यांपुढे काय येतं माहीत आहे? तू पांढरा ठेवलास, वाकलास आणि मारलास. हात कापला नाही तुझा. सोपा असेल, पण मारलास. त्या हातावर मी सव्वीस वर्षं जळतोय, शाम. तू गोष्टीवर जळत होतास आणि गोष्ट खोटी होती. माझं जळणं तरी खऱ्यावर आहे.

आता साठीला आलो. चषक नको, नाव नको. एकदा काळा माझ्या वाट्याला यावा आणि मी तो मारावा. जाईल न जाईल. तेवढ्यासाठी बाटलीत काठी घालतोय. सविताला पण हे माहीत नाही. तुला सांगितलं.

रविवारी भेटू. हे वाचून बोलायचं नसेल तर बोलू नको, पण खेळ.

कल्याण

*

पुणे, २५ नोव्हेंबर

कल्याण,

तुझं पत्र मी काल दुपारी वाचलं. शुक्रवारी सकाळीच आम्ही श्रीगोंद्याला निघालो होतो. पोस्टमन दुपारी येतो. शेजाऱ्यांनी ते आमच्या दाराखालून सरकवलं होतं. काल दार उघडलं, एका हातात चषक होता, दुसऱ्या हाताने ते उचललं. चपला न काढता वाचलं. शोभा विचारत होती, कोण गेलं.

मला आता जे लिहायचं आहे ते तुझ्या पत्राच्या आधी लिहायला हवं होतं. म्हणजे रविवारीच. म्हणजे टेबलापाशीच.

आपल्या फायनलचे गेम चार-चार झाले होते. शेवटचा गेम. तुझे सगळे गेलेले, तुला फक्त काळा. मला एक पट्ट्याचा चेंडू आणि काळा. काळा लांबच्या कडेला चिकटलेला, अगदी तुझ्या आकृतीतल्यासारखा. मला पट्ट्याचा घालायला त्याच कडेवरून वाकावं लागत होतं. पोट कडेला टेकलं. जाकीट उघडं होतं. त्याची कड खाली लोंबली आणि काळ्यावरून गेली.

मला ते जाणवलं. काळा कडेपासून सुटला, केसभर. पंच म्हणून काकासाहेब होते, ते माझ्या पाठीमागे, त्यांना दिसणं शक्य नव्हतं. हॉलमध्ये तीसेक माणसं, सगळ्यांची नजर पट्ट्याच्या चेंडूवर.

कल्याण, माझा उजवा हात क्यूवरून उठला होता. खरंच उठला होता, इंचभर. आणि मनात काय आलं सांगू? हात वर केला तर लोक म्हणतील, कल्याणकडून शिकला. उद्या छगन म्हणेल, "त्या कल्याननं पयला हात वर केल्ता, ह्यांनी मागनं." हरेनही आणि वर तुझी नक्कल केली म्हणून ओळखला जाईन. माझं जिंकणं तू एकदा खाल्लंस, आता माझं हरणंही खाशील. या जळफळाटात हात परत क्यूवर गेला. पट्ट्याचा घातला. मग काळा. कडेला चिकटलेला असता तर तो माझ्याच्याने गेला नसता, हे तूही जाणतोस. सुटला होता म्हणून गेला.

तू येऊन हात मिळवलास. म्हणालास, "बरं खेळलास." मला वाटलं, तुला दिसलं नाही. डोळ्याचं ऑपरेशन, उलटा चष्मा, काय दिसणार! बाहेर पडताना दोन माणसं माझं नाव घेत होती. मी मुद्दाम त्यांच्या मागे मागे पार्किंगपर्यंत गेलो, ऐकत.

आणि मग तुझं पत्र. मी हात वर केला असता तर पांढरा तुझ्या हातात होता आणि समोर काळा. तुला जे हवं होतं तेवढंच. सव्वीस वर्षांनी आलेला तुझा काळा मी मारून घेतला.

आज काकासाहेबांना पत्र लिहितो, सगळं कळवतो. चषक परत करतो. वर्तमानपत्रात छापायचं तर छापू देत. माफ कर असं लिहायची लाज वाटते.

शाम

*

भिंगार, ३ डिसेंबर

शामकांत,

डोळ्याचं ऑपरेशन उत्तम झालंय. डॉक्टरांना कळवतो की अठरा फुटांवरून जाकिटाची कड दिसते.

मला दिसलं. काळा सुटलेलाही दिसला. तुझा हात इंचभर उठलेलाही दिसला आणि परत खाली गेलेलाही. मी खुर्चीत बसून त्या हाताची वाट बघत होतो. मनात म्हणत होतो, उठव, उठव, मला मारू दे. माझा हात गार नव्हता, शाम. पहिल्यांदा गार नव्हता. मांडीवरच्या क्यूच्या टोकाला खडू चोळत बसलो होतो. मला वाटत होतं, तू पत्र वाचलं आहेस. वाचूनही केलंस असं वाटलं. ते चार दिवस कसे काढले माझं मला माहीत. सविताने विचारलं, "हारलात म्हनून येवढं तोंड पाडलंय व्हय?" काय सांगणार होतो!

काकासाहेबांना का सांगितलं नाही? आबांचा नियम. दुसऱ्याचा हात धरून वर करायचा नाही. आणि दुसरं, मी कोण सांगणार? खोटा हात वर करणाऱ्याने दुसऱ्याच्या खाली राहिलेल्या हाताबद्दल बोलू नये.

आता तुझ्या त्या काकासाहेबांच्या पत्राचं. खबरदार! तू कळवलंस की दुसऱ्या दिवशी गावभर होईल, शामकांतने स्वतःहून चषक परत दिला. पेपरात फोटो येईल. कर्नल लोक तुला चहाला बोलावतील. नगर जिल्ह्यात हात वर करणारा माणूस एकच आहे, आणि तो खोटा असला तरी मीच आहे. आबांनी दिलेलं तेवढंच माझ्याकडे आहे, ते तुला घेऊ देणार नाही. चषक तुझ्याकडेच ठेव. कपाटात समोर ठेव, मागे नाही. रोज पुस.

राग गेलेला नाही. पण पत्र लिहिलंस. उशिरा का होईना, हात वर केलास. नियम नियम आहे. हात वर केला की पांढरा समोरच्याला आणि ब्रश तुला.

सोमवारी क्लब बंद असतो. पंधरा तारखेला ये. मागच्या दाराने ये, पुढचं बंद असतं. काळा कडेला चिकटवून ठेवतो, जाकीट लागायच्या आधी होता तसा. कुणीही बघायला नको, सविताही नको.

कल्याण

*

पुणे, १६ डिसेंबर

प्रिय कल्याण,

सुखरूप पोचलो. सुप्यापासून पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे बस रांगत होती, त्यामुळे घरी यायला नऊ वाजले.

शोभाने विचारलं, "कोण जिंकलं?" मी म्हणालो, "मॅच नव्हती. टेबलाला ब्रश मारायला गेलो होतो." तिने माझं कपाळ चाचपून पाहिलं.

काल बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. तू पांढरा हातात घेऊन टेबलाभोवती तीन फेऱ्या मारल्यास तेव्हा मी मनात काय म्हणत होतो, सांगू? पहिल्या फेरीला म्हणत होतो, जाऊ दे याचा. दुसऱ्या फेरीला म्हणालो, हा घालेल आणि मग गोष्टही याची आणि काळाही याचा, मला काय राहिलं? तिसऱ्या फेरीला म्हणत होतो, चुकू दे. एवढं होऊनही म्हणत होतो. माझा स्वभाव जाणार नाही रे, सरणावर पण शेजारच्याची लाकडं बघेन.

मग तू वाकलास. उलट्या चष्म्यातून तुझे डोळे केवढे दिसत होते. क्यू मागेपुढे झाला, एकदा, दोनदा, पाचदा. मी तुझ्या उजव्या हाताकडे बघत होतो, वर जातो का म्हणून. नाही गेला. तू मारलास.

काळा कडेकडेने गेला, पॉकेटच्या तोंडाशी थांबला. आत पडला नाही. दोन बोटं राहिला.

आणि तू हसलास. "चुकला, शाम! बघ, चुकला!" म्हणत तू क्यू घेऊन टेबलाभोवती नाचायचा तेवढा राहिलास. मशीन कानातून निसटून पडलं, तेही तुला कळलं नाही. मी उचलून तुझ्या हातात दिलं.

कपाटात दोन्ही चषक शेजारी शेजारी ठेवलेत, समोर. आज सकाळी पुसले. दोन्ही वेळा मी हे घेऊन घरी आलो आणि एकदाही तुझ्यासारखा हसलो नव्हतो. सगळ्यात जास्त जळलो असेन तर काल.

ब्रशने खांदा धरलाय. वहिनींच्या हातचं ते तेल पाठव.

तुझा
शाम